बाटलीच्या आधी काय होतं? समलिंगी तरुण, रोजचा ताण आणि व्यसन

2023च्या ऑक्टोबरमध्ये पैठणच्या एमआयडीसीत अमली पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यावर छापा पडला. 2025च्या सुरुवातीला तुळजापुरातलं एमडीचं (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचं) प्रकरण बाहेर आलं. तेव्हापासून मराठवाड्यात नशेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माल येतो कुठून? प्रश्न रास्तच आहे. पण उद्या सगळा माल पकडला, सगळे विकणारे आत गेले, तरी एखादं पोरगं नशेकडे वळलंच का, हे कोडं सुटत नाही. आपल्याकडे त्याची उत्तरं तयार असतात: संगत वाईट, बापाचा धाक नाही, मोबाइलने वाटोळं केलं.

काही मुलांच्या बाबतीत या उत्तरांनी काहीच हाती लागत नाही, आणि त्यांच्याबद्दल व्यसनमुक्तीच्या भाषणांत एक वाक्यही नसतं. ही मुलं समलिंगी आहेत. आपल्या आठही जिल्ह्यांत आहेत. जगभरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय, की त्यांच्यात दारूचं आणि नशेचं प्रमाण बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा जास्त असतं. का असतं, हे इथे नीट उलगडून पाहू.

दोन गोष्टी आधीच सांगतो. बहुतेक समलिंगी पुरुष व्यसनी नसतात. नोकरी, शेती, धंदा करून सरळ जगतात. आणि समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी आजारांच्या यादीतून ते काढून टाकलं. तेव्हा 'समलिंगी आहे म्हणून पितो' हे वाक्य शास्त्राला धरून नाही. मधला एक दुवा गाळला की ते खरं वाटू लागतं. आपल्याला तो दुवाच पाहायचा आहे.

हा ताण नेमका कसला?

अमेरिकेतले संशोधक इलान मायर यांनी 1995 साली न्यूयॉर्कमधल्या 741 समलिंगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षा, कर्ज, आजारपण हे ताण सगळ्यांनाच असतात. समाज ज्यांना कमी लेखतो त्यांच्यावर याशिवाय एक जादा ताण सतत असतो, आणि त्याने तब्येत बिघडते, असं त्यांनी दाखवून दिलं. याला 'अल्पसंख्य असण्याचा ताण' म्हणतात. धर्माशी याचा संबंध नाही. आपल्यासारखे लोक थोडे आणि न्याहाळणारे पुष्कळ, अशी ही अवस्था.

या ताणाचा एक भाग बाहेरून येतो: मारहाण, टिंगल, खोली नाकारणं, कामावर टोमणे. दुसरा भाग आत असतो. उद्या कळलं तर काय होईल ही धास्ती, रोज लपवण्याचं काम, आणि लहानपणापासून कानावर पडलेली घाण स्वतःलाच खरी वाटू लागणं. बाहेरचा भाग पटकन दिसतो. जास्त झिजवतो तो आतला.

ज्याने शेतात जागल केलीय त्याला हे लगेच कळेल. मक्याला कणसं लागली की रानडुकरं उतरतात. मग हातात बॅटरी घेऊन, अधूनमधून डबा वाजवत रात्र काढायची. एखाद्या रात्री कळप येतो, कितीतरी रात्री येत नाही. पण कळप आला नाही त्या रात्रीही जागल करणारा झोपलेला नसतो. सकाळी पीक शाबूत असतं आणि माणसाचं अंग मोडून आलेलं असतं. शेजारी बांधावरून म्हणतो, नुकसान तर काहीच झालं नाही, मग एवढा दमलास कशाने? समलिंगी मुलाला लोक हेच विचारतात: तुला कुणी मारलं का? कुणी काही बोललं का? मग त्रास कसला? त्याची जागल वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू झालेली असते. आणि सुगी झाली म्हणून ती संपत नाही.

एका मुलाचा एक दिवस

लातूरला क्लाससाठी आलेला, औसा तालुक्यातल्या गावचा एक मुलगा कल्पनेने समोर आणा. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघे. सकाळी कुणीतरी रीलमधली एक नटी दाखवतं. 'भारी आहे' असं त्याला योग्य क्षणी म्हणावं लागतं. उशिरा म्हटलं तर लक्षात येईल, फार उत्साहाने म्हटलं तरी लक्षात येईल. फोन कॉटवर कायम पालथा. एका मित्राचा नंबर 'गॅस एजन्सी' नावाने सेव्ह केलेला. चालताना हात खिशात, कारण आठवीत असताना कुणीतरी त्याच्या हातवाऱ्यांवरून 'बायल्या' म्हटलं होतं आणि तेव्हापासून त्याला स्वतःच्या मनगटाची भीती वाटते. मेसमध्ये बोलताना आवाज जरा जाड काढायचा. वर्गात मागच्या बाकावरून 'छक्का' असा शब्द आला तर तो आपल्याला होता की दुसऱ्याला, याचा हिशोब पुढचा अख्खा तास डोक्यात चालतो. सरांनी फळ्यावर काय शिकवलं ते तेवढ्यापुरतं बुडतं.

दिवाळीला गावी गेला की काका पाठीवर थाप मारतात, 'काय भैया, नंबर लागला की औंदाच बार उडवून देऊ!' सगळे हसतात. तोही हसतो.

या दिवसात कुणीही त्याच्यावर हात उगारला नाही. तक्रार नोंदवावी असं काहीच घडलं नाही. पण धोका ओळखायची शरीराची यंत्रणा दिवसभर चालूच राहिली. संकट दिसलं की रक्तात ताणाची रसायनं सुटतात, छाती धडधडते, स्नायू आवळतात. संकट टळलं की हे सगळं ओसरायला हवं. धोका कधी टळलाय याची खात्रीच नसेल तर ते ओसरत नाही. झोप उडते, चिडचिड वाढते, पोट बिघडतं, लक्ष लागत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की उदासी आणि चिंता घर करतात.

मग दारूच का?

कारण ती काम करते, निदान पहिल्या काही वेळा. दारू मेंदूला सैल सोडणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि सावध ठेवणारीला दाबते. ज्याने कित्येक वर्षांत खांदे सैल सोडले नाहीत, त्याला दोन पेगनंतर पहिल्यांदा कळतं की आपण आवळून बसलो होतो. शेजारचा मुलगा तेच दोन पेग मजेसाठी घेतो. याला त्यातून सुटका मिळते, आणि सुटकेची सवय मजेपेक्षा लवकर जडते.

पुढचा भाग मात्र फार वाईट. मेंदू समतोल साधायला जातो आणि सावधपणाची यंत्रणा आणखी ताणून ठेवतो. दारू उतरते, ती यंत्रणा तशीच उरते. म्हणून पहाटे तीन-चारला जाग येते, घाम फुटतो, काल कुणापुढे काय बोलून गेलो या भीतीने काळजात धस्स होतं. लपवणाऱ्या माणसाला ही भीती दुप्पट. मग ती घालवायला पुन्हा तीच बाटली. ज्यासाठी घेतली होती तीच चिंता दारू वाढवून ठेवते.

गांजाचं थोडं असंच: आधी सैल, बऱ्याच जणांना पुढे संशय आणि धास्ती. गल्लीत ज्याला 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या जास्त धोक्याच्या. डॉक्टरने मोजून, थोडे दिवस दिल्या तर ते औषध असतं. चिठ्ठीशिवाय मूठभर घेतल्या आणि वर दारू प्यायली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. एमडीची तऱ्हा उलटी: ते सैल करत नाही, चढवतं. लाज आणि थकवा काही तास गायब होतो, जवळीक सोपी वाटते. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या काही मुलांची एमडीशी गाठ शरीरसंबंधांच्या निमित्ताने पडते. त्या धुंदीत कंडोम राहून जातो, आणि एचआयव्हीचा धोका त्यातूनच वाढतो.

आणखी एक कारण जागेचं आहे. आपल्या भागात दोन समलिंगी मुलांनी निवांत बोलत बसावं अशी जागा कुठली? घरी शक्य नाही, कॉलेजच्या कट्ट्यावर नाही, ओळखीच्या टपरीवर तर अजिबात नाही. उरतो बायपासचा ढाबा किंवा अंधारातली एखादी गाडी. तिथे बाटली आपोआप येते. ज्याला दारूशिवाय कुठे मोकळं बोलताच आलेलं नाही, त्याच्या मनात मोकळेपणा आणि दारू यांची गाठ पक्की बसते. व्यसन सोडताना त्याला दारूबरोबर आपली सगळी माणसंही सोडावी लागतील असं वाटतं. उपचार करणाऱ्यांनी हे ओळखलं नाही तर तो उपचार अर्ध्यावर टाकून जातो.

'सगळीच पोरं पितात, यात विशेष काय?'

सगळी पीत नाहीत. एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत (अहवाल 2019चा) 10 ते 75 वयाच्या भारतीय पुरुषांपैकी 27.3 टक्के दारू पिणारे निघाले. म्हणजे चारातले जवळजवळ तिघे पीत नाहीत.

पण ताणामुळेच पितात हे कशावरून? कदाचित ही मुलं मुळातच तशी असतील? ही शंका रास्त आहे, आणि तिचं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एका पाहणीने दिलं. तिथे 2001-02 मध्ये हजारो लोकांची मानसिक आरोग्याची माहिती घेतली गेली आणि 2004-05 मध्ये त्याच लोकांची पुन्हा. मधल्या काळात काही राज्यांनी समलिंगी विवाहाला बंदी करणारे कायदे केले, काहींनी केले नाहीत. मार्क हॅट्झेनब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दोन्हींची तुलना मांडली. बंदी आलेल्या राज्यांत समलिंगी आणि उभयलिंगी (स्त्री आणि पुरुष दोघांचीही ओढ असणाऱ्या) लोकांमध्ये दारूच्या समस्या सुमारे 42 टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि सततच्या चिंतेचा विकार कित्येक पटींनी. बंदी नसलेल्या राज्यांत तशी वाढ नव्हती. माणसं तीच, त्यांचा कल तोच; भोवतालची हवा बदलली आणि बाटली वाढली. नशा त्यांच्या स्वभावातच असती तर कायद्याने ती कमी-जास्त झाली नसती.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, 1860च्या दंडसंहितेतलं 377 कलम इंग्रजांनी घालून दिलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी ते प्रौढांच्या खासगी संबंधांपुरतं रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी परत आणलं, आणि शेवटी 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. 2009 साली पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलाने चोवीस वर्षांचा होईपर्यंत आपण गुन्हेगार नाही, आहोत, पुन्हा नाही, असं तीनदा ऐकलं. त्याच्या मनावर याचा काहीच परिणाम झाला नसेल असं म्हणणं मला पटत नाही.

'जातीचा जाच आम्हीही सोसला'

हा आक्षेप मराठवाड्यात येणारच, आणि यायलाही हवा. आडनाव सांगितल्यावर खोली नाकारली जाणं, वर्गात कुणीतरी सरकून बसणं, ओळख लपवावी लागणं, हे इथल्या हजारो तरुणांच्या अंगावरून गेलेलं आहे. ताणाचं शास्त्र दोन्हीकडे एकच आहे. कमी लेखलं जाण्याची किंमत शरीर मोजतं, मग कारण कुठलंही असो.

एका बाबतीत मात्र मोठा फरक आहे. नामांतराच्या लढ्यात वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. 1978च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं लोक लढले. त्या काळात शाळेत अपमान झालेलं लेकरू घरी येऊन रडलं तर आई त्याला जवळ घेऊन सांगायची की चूक तुझी नाही, त्यांची आहे. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, वस्तीत गाणी होती, सोसलेले आणि तरीही ताठ उभे राहिलेले वडीलधारे समोर होते. अपमानाला उत्तर देणारी भाषा घरातच शिकायला मिळत होती.

समलिंगी मुलाला ते घर नसतं. तो घरात एकटाच तसा असतो. बाहेर ऐकलेला शब्द तो आईला सांगू शकत नाही, कारण तोच शब्द त्याने जेवताना मोठ्या भावाच्या तोंडून ऐकलेला असतो. आपल्यासारखा चाळीस-पन्नास वर्षांचा समाधानी माणूस त्याने गावात कधी पाहिलेला नसतो. जो मुलगा दलितही आहे आणि समलिंगीही, त्याला दोन्ही झेलावं लागतं. आणि ज्या वस्तीने एका बाबतीत पाठीशी उभं राहायचं तीच दुसऱ्या बाबतीत तोंड फिरवेल अशी भीती वेगळीच.

घराचं वजन किती असतं हे कॅलिफोर्नियातल्या केटलिन रायन आणि सहकाऱ्यांच्या 2009च्या अभ्यासात दिसतं. त्यांनी 21 ते 25 वयाच्या 224 समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना, किशोरवयात घरचे कसे वागले ते विचारलं. ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला त्यांच्यात अमली पदार्थ घेण्याची शक्यता, फारसा नकार न मिळालेल्यांच्या 3.4 पट निघाली. आत्महत्येच्या प्रयत्नाची 8.4 पट. हे आकडे तिकडचे. जसेच्या तसे बीड-हिंगोलीला लावता येणार नाहीत. पण जिथे माणसाचं शिक्षण, लग्न, शेतीचा वाटा आणि म्हातारपण सगळं घराला बांधलेलं आहे, तिथे घरचा नकार कॅलिफोर्नियापेक्षा हलका असेल असं मानायला काही आधार नाही.

'लग्न करून द्या, सुटेल'

सुटत नाही. कल लग्नाने बदलत नाही. जागल मात्र आता खोलीच्या आतही सुरू होते. बायकोसमोरही नाटक, मूल कधी म्हणून सासरच्यांचे प्रश्न, आणि रोज संध्याकाळी घरी जायचं टाळण्यासाठी एक कारण: दारू. दारुडा म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत. ते लेबल दुसऱ्यापेक्षा स्वस्त पडतं. या सगळ्यात त्या मुलीची काय चूक? माझ्यातच काय कमी आहे, असं ती आयुष्यभर स्वतःला विचारत राहते, मार खाते, माहेरी परत येते आणि तिथेही बोल तिलाच लागतात. मुलगा सुधारावा म्हणून दुसऱ्याच्या लेकीचा औषधासारखा वापर करणं हा अन्याय आहे, आणि आपल्या प्रत्येक तालुक्यात तो होतो.

कुणी बाबाकडे अंगाऱ्याला नेतं, कुणी 'पुरुषत्वाच्या' इंजेक्शनांना. कुणी डॉक्टर असूनही कल बदलून देतो म्हणून पैसे घेतो. असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, स्पष्ट केलेलं आहे.

अ‍ॅपवरची भेट आणि वसुली

ओळखी आता अ‍ॅपवर होतात, आणि तिथे टपून बसलेल्या टोळ्याही आहेत. भेटायला बोलावतात, व्हिडिओ काढतात, घरी पाठवू म्हणून पैसे उकळतात. मुलं घाबरून देत राहतात आणि त्या धसक्याने पिणं वाढतं. मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: दोन प्रौढांचा संमतीचा संबंध गुन्हा नाही, खंडणी मात्र भारतीय न्याय संहितेच्या 308व्या कलमाखाली गुन्हा आहे. चॅट आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पुसून टाकू नका. एकटं ठाण्यात जाववत नसेल तर वकील किंवा विश्वासातलं माणूस सोबत न्या.

घरच्यांनी काय करायचं?

सगळं पटलं पाहिजे अशी अट नाही. रायन यांच्या अभ्यासाने माझ्या मनावर ठसवलं ते हे, की नकार हा रोजच्या छोट्या वागण्यातून बनलेला असतो: टोमणा मारणं, मित्रांना घरी येऊ न देणं, लोक काय म्हणतील म्हणून गप्प बस म्हणणं. एकेक करून या गोष्टी थांबवता येतात. तुमच्या घरात कुणी तसं आहे हे तुम्हाला माहीत नसताना टीव्हीसमोर बसून जे बोलता, तेही तो ऐकत असतो. बापाला अवघड जातं, मला माहीत आहे. तरी 'किती पितोस' याआधी 'काय चाललंय रे लेकरा, कशाने झोप येत नाही' एवढं विचारता येतं. त्याने सांगितलंच तर त्या दिवशी ऐकून घ्या. भावकीला सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्याच्यावर सोडा.

मदत कुठे मिळते?

एम्सच्याच पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो, आणि ज्याला दोन गोष्टी लपवायच्या आहेत तो तर आणखी मागे राहतो. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446, एचआयव्हीच्या माहितीसाठी 1097. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. पुण्यात समपथिक ट्रस्ट आणि मुंबईत 1994पासून हमसफर ट्रस्ट समलिंगी लोकांसाठी काम करतात. साखळीने बांधून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रांच्या वाटेला जाऊ नका, घरच्यांनीही नेऊ नये.

2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी जोडलेले आजारही येतात. लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळणं हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पहिल्याच भेटीत सगळं सांगायची गरज नाही, पण सांगितल्यावर डॉक्टर तोंड वाकडं करत असेल तर डॉक्टर बदला. गांजा-एमडीवाल्यांना पोलिसांची भीती असते. 1985च्या अमली पदार्थ कायद्याचं 64अ कलम सांगतं, की थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन तो पुरा करत असेल तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही.

एक धोका मात्र घरच्यांनीही नीट समजून घ्यावा. रोज भरपूर पिणाऱ्याने किंवा महिनोन्महिने बटन घेणाऱ्याने देवाची शपथ घेऊन एका दिवसात बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं. घरी फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा, आणि येणाऱ्या डॉक्टरला त्याने काय घेतलं, किती घेतलं, शेवटचं कधी घेतलं ते खरं सांगा.